गावच्या माळावरचे ऑलिम्पिक

आधुनिक ऑलिम्पिक सामन्यांचा इतिहास सांगताना सुरुवात बहुधा एप्रिल १८९६ मधल्या अथेन्सपासून होते आणि श्रेय फ्रेंच उमराव पिएर द कुबेर्तां यांच्या पदरात पडते. कुबेर्तांची कामगिरी मोठी आहेच. परंतु त्यांच्या कितीतरी आधीपासून इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत लोक आपापल्या गावापुरते ‘ऑलिम्पिक’ भरवत होते. त्यांना राजाश्रय नव्हता, आंतरराष्ट्रीय समिती नव्हती, बांधीव स्टेडियम नव्हते. कुठे एका वकिलाने शेजारपाजारच्यांना टेकडीवर जमवले, तर कुठे एका डॉक्टरने वाचनालयाच्या सभासदांना मैदानावर उतरवले. पुढे युद्धकैद्यांनी आणि रुग्णालयात पडून असलेल्या जखमी सैनिकांनीही हेच केले. एकमेकांना ओळखणाऱ्या हौशी माणसांनी आपल्यासाठी भरवलेल्या या स्पर्धांची परंपरा चारशे वर्षांची आहे. ऑलिम्पिकची कल्पना तगली ती मुख्यतः या लोकांमुळे.

कॉट्सवोल्डची टेकडी

इंग्लंडच्या ग्लॉस्टरशर परगण्यात, कॉट्सवोल्डच्या डोंगराळ भागात, चिपिंग कॅम्डन नावाचे लोकरीच्या व्यापारावर भरभराटलेले गाव आहे. त्याच्या जवळची एक टेकडी आज ‘डोव्हर्स हिल’ म्हणून ओळखली जाते. टेकडीचा उतार अर्धवर्तुळाकार असल्याने हजारो माणसे गवतावर बसून खालचे मैदान सहज पाहू शकतात. रॉबर्ट डोव्हर हे नॉरफोकमध्ये जन्मलेले आणि लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतलेले वकील १६११ च्या सुमारास या भागात राहायला आले. १६१२ च्या आसपास त्यांनी येथे वार्षिक खेळ भरवायला सुरुवात केली, किंवा आधीपासून चालत आलेल्या गावजत्रेला नवे रूप दिले. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या व्हिट्सनच्या सणात गुरुवार आणि शुक्रवार असे दोन दिवस हे खेळ चालत. समकालीन लोक त्यांना ‘कॉट्सवोल्ड ऑलिम्पिक’ म्हणू लागले.

खेळांचा थाट पाहण्यासारखा असे. टेकडीवर लाकडाचा तात्पुरता किल्ला उभारला जाई. त्याला गमतीने ‘डोव्हर कॅसल’ म्हणत. त्यावरच्या छोट्या तोफांचे बार काढले की खेळ सुरू झाले असे सर्वांना कळे. डोव्हर स्वतः घोड्यावर बसून देखरेख करत. त्यांच्या अंगावर राजा पहिला जेम्स याच्या वापरातले कपडे असत. राजदरबारातल्या एंडिमियन पोर्टर या मित्राने ते मिळवून दिले होते. घोडदौड, शिकारी कुत्र्यांच्या शर्यती, धावणे, उड्या, कुस्ती, लाठी, तलवारबाजी, जड हातोडा फेकणे आणि नाच असा भरगच्च कार्यक्रम असे. सरदार-जमीनदार तंबूत बसून पत्ते आणि बुद्धिबळ खेळत. शेतकरी, मेंढपाळ, मजूर उतारावर बसत. सहभागाची खूण म्हणून पिवळ्या फिती वाटल्या जात.

यातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे नडगीवर लाथा मारण्याची कुस्ती. दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून कॉलर घट्ट धरतात. हात सोडायचे नाहीत, फक्त पायांनी लढायचे. समोरच्याच्या नडगीवर लाथ हाणून त्याचा तोल घालवायचा आणि त्याच क्षणी त्याला जमिनीवर पाडायचे. नुसते पाडले तर गुण मिळत नाही. पाडण्यापूर्वी नडगीवर लाथ बसलेली असावी लागते आणि ती बसली की नाही हे ठरवायला पंच डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. तीनपैकी दोनदा जो पाडेल तो जिंकला. आजही हा खेळ तिथे खेळला जातो. खेळाडू मेंढपाळांसारखे पांढरे सैल डगले घालतात आणि विजारीत जमेल तेवढा पेंढा कोंबतात. जुन्या काळी बुटांना लोखंडी टोके असत, आता मऊ बूट सक्तीचे आहेत.

हे खेळ केवळ करमणुकीसाठी नव्हते, त्या काळच्या धार्मिक वादाशी त्यांचा थेट संबंध होता. प्युरिटन पंथाच्या लोकांना सणावारी नाचणे-खेळणे हे पाप वाटे. राजा जेम्सने १६१८ मध्ये जाहीरनामा काढून रविवारच्या प्रार्थनेनंतर काही खेळ खेळायला मोकळीक दिली आणि त्याचा मुलगा पहिला चार्ल्स याने १६३३ मध्ये तो पुन्हा जारी केला. डोव्हर यांच्या खेळांना दरबाराची सहानुभूती होती ती यामुळेच. १६३६ मध्ये ‘अ‍ॅनालिया डुब्रेन्सिया’ हा डोव्हर यांच्या गौरवाचा काव्यसंग्रह निघाला. त्यात बेन जॉन्सन आणि मायकेल ड्रेटन यांच्यासारख्या नामवंत कवींच्या रचना होत्या. ग्रीसचे प्राचीन सामने कॉट्सवोल्डच्या टेकडीवर पुन्हा अवतरले, असा त्यांचा सूर होता. इंग्लंडमधल्या एखाद्या क्रीडासोहळ्याला प्राचीन ऑलिम्पियाशी इतक्या उघडपणे जोडण्याची ही पहिली ठळक घटना.

राजा आणि पार्लमेंट यांच्यातले यादवी युद्ध १६४२ मध्ये पेटले आणि खेळ थांबले. डोव्हर १६५२ मध्ये वारले. १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर टेकडीवर खेळ पुन्हा सुरू झाले आणि कमीअधिक नेमाने पुढे जवळजवळ दोनशे वर्षे चालले. एकोणिसाव्या शतकात रेल्वे आणि कारखान्यांमुळे बाहेरगावची गर्दी वाढली. दारू आणि मारामाऱ्या वाढल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. खेळ भरत ती जमीन गावाच्या सामाईक वापराची होती. ती वाटून कुंपणे घालण्यात आली आणि १८५२ च्या खेळांनंतर परंपरा खंडित झाली. गायरान गेले की खेळही जातो, हे तिथल्या मेंढपाळांनी डोळ्यांनी पाहिले.

वेनलॉकचे डॉक्टर

कॉट्सवोल्डची परंपरा मोडण्याच्या दोनच वर्षे आधी, तिथून वायव्येला असलेल्या श्रॉपशर परगण्यातल्या मच वेनलॉक या लहान गावात दुसरी परंपरा सुरू झाली होती. तिचे जनक डॉ. विल्यम पेनी ब्रूक्स. त्यांचा जन्म १८०९ मध्ये वेनलॉकमध्येच झाला. वडीलही डॉक्टर होते. लंडन, पॅरिस आणि इटलीतले पादुआ येथे शिकून ते १८३१ मध्ये गावी परतले आणि पुढे आयुष्यभर तिथेच राहिले. वेनलॉकच्या आसपास चुनखडीच्या खाणी आणि शेती होती. खाणमजूर आणि शेतमजूर हे डॉक्टरांचे रुग्ण. शिवाय ते स्थानिक दंडाधिकारीही होते. दारू आणि रिकामपण माणसाची काय अवस्था करते हे त्यांना दवाखान्यात दिसे आणि न्यायासनावरही दिसे.

ब्रूक्स यांनी १८४१ मध्ये ‘वेनलॉक अ‍ॅग्रिकल्चरल रीडिंग सोसायटी’ स्थापन केली. शेतकऱ्यांना आणि कामगारांना पुस्तके मिळावीत यासाठीचे हे वाचनालय होते. हळूहळू त्यात चित्रकला, संगीत, वनस्पतिशास्त्र अशा शाखा निघाल्या. २५ फेब्रुवारी १८५० रोजी ‘ऑलिम्पियन क्लास’ ही आणखी एक शाखा सुरू झाली. गावातल्या आणि परिसरातल्या लोकांची, विशेषतः कष्टकरी वर्गाची नैतिक, शारीरिक आणि बौद्धिक सुधारणा व्हावी, त्यासाठी मैदानी खेळांना उत्तेजन द्यावे आणि दरवर्षी जाहीर समारंभात बक्षिसे द्यावीत, असा तिचा लिखित उद्देश होता. मनाच्या मशागतीसाठी काढलेल्या संस्थेच्या पोटातून शरीराच्या मशागतीची संस्था जन्माला आली, ही या गोष्टीतली सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे.

पहिले सामने ऑक्टोबर १८५० मध्ये झाले. क्रिकेट, फुटबॉल, धावणे, उंच उडी, लांब उडी, कडी फेकणे आणि एका पायावर लंगडत धावणे हे खेळ त्यात होते. पुढच्या वर्षांत गावजत्रेची गंमतही भरपूर आली. डोळ्यांवर पट्टी बांधून ढकलगाड्यांची शर्यत होई. गावातल्या वृद्ध स्त्रियांची धावण्याची शर्यत होई आणि तिचे बक्षीस असे पौंडभर चहा. मोकळे सोडलेले डुक्कर पकडण्याचीही स्पर्धा असे. याच्या जोडीला गणित, निबंध, विणकाम यांसारख्या विषयांतही बक्षिसे ठेवलेली असत. ब्रूक्स यांच्या लेखी हे सर्व एकाच शिक्षणाचे भाग होते.

सामन्यांचा दिवस गावच्या सणासारखा साजरा होई. रस्ते पताका आणि फुलांनी सजत. बँड, झेंडेकरी, पदाधिकारी आणि खेळाडू यांची मिरवणूक गावातून वाजतगाजत मैदानाकडे जाई. हे मैदान म्हणजे लिंडन फील्ड. त्याच्या कडेला पवनचक्कीची टेकडी आहे आणि प्रेक्षक तिच्या उतारावर बसत. १८५८ पासून घोडेस्वारांचा एक खेळ सामन्यांचे मुख्य आकर्षण बनला. आडव्या दांड्याला एक लहानशी कडी टांगलेली असे. स्वाराने भरधाव घोड्यावरून येऊन भाल्याच्या टोकाने ती उचलायची. विजेत्याच्या मस्तकावर एखादी प्रतिष्ठित स्त्री पानांचा मुकुट ठेवी. पदकांवर नायके या ग्रीक विजयदेवतेची प्रतिमा असे. १८६८ मध्ये ब्रूक्स यांनी पेंटॅथलॉन सुरू केली. उंच उडी, लांब उडी, जड दगड फेकणे, दोरावर चढणे आणि अर्धा मैल धावणे अशा पाच कसोट्या एकाच खेळाडूने द्यायच्या होत्या.

गावातल्या काही प्रतिष्ठितांना सुरुवातीला धास्ती होती की मजुरांना एकत्र आणले तर दंगाधोपा होईल. ब्रूक्स यांनी आपला हट्ट सोडला नाही. मैदान सर्व थरांतल्या माणसांना खुले राहील, हे त्यांच्या सामन्यांचे तत्त्व होते. सरकारी शाळांत शारीरिक शिक्षण सक्तीचे व्हावे यासाठीही ते वर्षानुवर्षे अर्ज-विनंत्या करत राहिले. १८७१ मध्ये त्यांनी गावच्या शाळेतल्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला. काही मुलांना फक्त कवायत आणि काहींना कवायतीसोबत व्यायाम देऊन त्यांनी छातीची मापे घेतली आणि व्यायामाचा फायदा आकड्यांनी दाखवला. या व्यायामात मुद्गलही होते. हिंदुस्थानातल्या तालमींत फिरवले जाणारे मुद्गल ब्रिटिश लष्कराच्या हातून इंग्लंडला पोहोचले होते आणि तिथे ‘इंडियन क्लब’ या नावाने रुळले होते.

अथेन्सशी पत्रव्यवहार

ग्रीसमध्येही याच सुमारास हालचाल सुरू झाली होती. रुमानियात व्यापार करून धनाढ्य झालेले एव्हान्जेलिस झापास यांनी प्राचीन सामन्यांच्या पुनरुज्जीवनासाठी पैसा देऊ केला आणि १८५९ मध्ये अथेन्सच्या एका चौकात पहिले सामने झाले. बातमी कळताच वेनलॉकच्या मंडळींनी तिकडे १० पौंडांचे बक्षीस पाठवले. लांब पल्ल्याच्या शर्यतीतला विजेता पेत्रोस वेलिसारिओस याला ते मिळाले आणि वेनलॉकने त्याला आपले सन्माननीय सदस्यत्व दिले. दोन-चार हजार वस्तीच्या एका इंग्लिश गावाने राजधानीतल्या सामन्यांचे बक्षीस द्यावे, हे आज नवलाचे वाटते. त्या काळात ऑलिम्पिकचा ध्यास घेतलेली माणसे इतकी थोडी होती की ती एकमेकांना सहज शोधून काढत.

झापास १८६५ मध्ये वारले, पण त्यांनी ठेवलेल्या पैशातून १८७० आणि १८७५ मध्ये अथेन्सच्या प्राचीन पॅनाथेनाइक स्टेडियममध्ये सामने झाले. १८७० च्या सामन्यांत मजूर वर्गातल्या खेळाडूंनी चमक दाखवली. काही सुशिक्षितांना ते रुचले नाही आणि १८७५ मध्ये भाग घेण्याची मुभा मुख्यतः विद्यार्थ्यांपुरती ठेवण्यात आली. मैदानावर कोणी उतरायचे, हा प्रश्न इंग्लंडमध्येही त्याच वेळी पेटला होता.

हौशी कोण?

लिव्हरपूलमध्ये चार्ल्स मेली आणि जॉन हली यांनी १८६२ मध्ये मोठा ऑलिम्पिक महोत्सव भरवला. त्यात प्रवेश होता तो ‘सभ्य हौशी गृहस्थांना’. ब्रूक्स, हली आणि लंडनच्या जर्मन व्यायामशाळेचे अर्न्स्ट राव्हेनस्टाइन यांनी १८६५ मध्ये लिव्हरपूल येथे ‘नॅशनल ऑलिम्पियन असोसिएशन’ स्थापन केली. नागरिकांचे बळ हेच राज्याचे बळ, अशा अर्थाचे तिचे लॅटिन ब्रीद होते.

या संस्थेचे पहिले सामने १८६६ च्या उन्हाळ्यात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये झाले आणि दहा हजारांवर प्रेक्षक जमले. या सामन्यांत नुकतीच अठरा वर्षे पूर्ण झालेला एक तरुण ४४० यार्डांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत पहिला आला. त्याचे नाव डब्ल्यू. जी. ग्रेस. ओव्हल मैदानावर सरे संघाविरुद्ध इंग्लंडकडून खेळत असताना त्याने नाबाद २२४ धावा काढल्या होत्या आणि सामना सुरू असतानाच कर्णधाराची परवानगी घेऊन तो ही शर्यत धावायला आला होता. पुढे क्रिकेटचा पितामह ठरलेल्या ग्रेस यांच्या चरित्रात ऑलिम्पियन सामन्यांची ही नोंद कायम आहे.

त्याच वर्षी विद्यापीठांतल्या उच्चभ्रू मंडळींनी लंडनमध्ये ‘अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक क्लब’ काढला. हौशी खेळाडू म्हणजे पैशासाठी न खेळणारा, एवढ्यावर हा क्लब थांबला नाही. लवकरच त्याच्या व्याख्येतून यंत्रकामगार, कारागीर आणि मजूर यांना सरळ वगळण्यात आले. सुतार कितीही निरपेक्षपणे धावला तरी तो हौशी ठरणार नव्हता, कारण तो हाताने काम करत होता. शरीरकष्ट करणाऱ्याला खेळात आयता फायदा मिळतो, असे या नियमाचे समर्थन केले जाई. खरे कारण सामाजिक होते. आपल्या मुलांना शेतमजुराकडून हरताना पाहायची उच्च वर्गाची तयारी नव्हती. ब्रूक्स यांच्या तत्त्वाच्या हे नेमके उलट होते.

लंडनची प्रतिष्ठा आणि पैसा क्लबच्या बाजूला गेला. नॅशनल ऑलिम्पियन असोसिएशनचे सामने १८६७ मध्ये बर्मिंगहॅमला झाले, पण त्यानंतर ते मुख्यतः श्रॉपशरच्या आसपासच भरत राहिले. १८७७ च्या श्रूजबरी येथील सामन्यांसाठी ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज याने चांदीचा चषक पाठवला. १८८३ नंतर मात्र राष्ट्रीय सामने बंद पडले. ब्रूक्स यांचा पराभव झाल्यासारखे दिसत होते, परंतु त्यांचा विचार हरला नव्हता. १८८० मध्ये ऑक्सफर्ड येथे स्थापन झालेल्या ‘अ‍ॅमॅच्युअर अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ने मजुरांना वगळणारे कलम काढून टाकले आणि धावण्याच्या मैदानाचे दार कामगारांना उघडले. वेनलॉकमध्ये ते पहिल्या दिवसापासून उघडे होते.

वेनलॉकला आलेला पाहुणा

सत्तरी ओलांडलेल्या ब्रूक्स यांनी १८८० च्या सुमारास आणखी मोठी कल्पना मांडली. सर्व देशांचे ऑलिम्पिक सामने अथेन्समध्ये व्हावेत, असा आग्रह त्यांनी ग्रीक राजदूतांमार्फत धरला. ग्रीसची राजकीय स्थिती अस्थिर असल्याने तिकडून होकार आला नाही. पण १८८९ मध्ये फ्रान्समधले तरुण शिक्षणसुधारक कुबेर्तां यांनी इंग्लंडमधल्या शारीरिक शिक्षणाची माहिती मागवणारे निवेदन प्रसिद्ध केले. ब्रूक्स यांनी तातडीने पत्र लिहिले आणि पत्रव्यवहारातून भेटीचे निमंत्रण गेले.

कुबेर्तां ऑक्टोबर १८९० मध्ये वेनलॉकला आले. ब्रूक्स तेव्हा ८१ वर्षांचे होते, पाहुणे २७ वर्षांचे. पाहुण्यांसाठी खास सामने भरवण्यात आले. मिरवणूक निघाली, घोडेस्वारांनी कड्या उचलल्या, विजेत्यांना मुकुट घालण्यात आले आणि कुबेर्तां यांच्या हस्ते मैदानाजवळ ओकचे झाड लावण्यात आले. ब्रूक्स यांनी चाळीस वर्षे जपलेली कागदपत्रे, वृत्तपत्रांची कात्रणे आणि अथेन्सशी झालेला पत्रव्यवहार पाहुण्यांपुढे ठेवला. आंतरराष्ट्रीय सामन्यांची कल्पना कुबेर्तां यांच्यापुढे इतक्या तपशिलाने याआधी कोणी मांडल्याचे दिसत नाही. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी त्याच वर्षअखेरीस वेनलॉकवर लेख लिहिला. ग्रीसला जे पुन्हा जिवंत करता आले नाही ते ऑलिम्पिक आज टिकून आहे याचे श्रेय डॉ. ब्रूक्स यांचे, अशा आशयाची कबुली त्यांनी त्यात दिली.

जून १८९४ मध्ये पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि ऑलिम्पिक सामने पुन्हा सुरू करण्याचा ठराव झाला. मानद सदस्यांच्या यादीत ब्रूक्स यांचे नाव होते, पण आजारपणामुळे ते जाऊ शकले नाहीत. डिसेंबर १८९५ मध्ये त्यांचे निधन झाले. अथेन्सचे सामने त्यानंतर चार महिन्यांनी सुरू झाले. पुढच्या काळात कुबेर्तां यांच्या आठवणींतून ब्रूक्स यांचा उल्लेख पुसट होत गेला आणि जगाला त्यांचा विसर पडला. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष हुआन आंतोनिओ सामारांच यांनी १९९४ मध्ये वेनलॉकला जाऊन त्यांच्या थडग्यावर पुष्पचक्र वाहिले. सॉर्बोनच्या परिषदेला तेव्हा शंभर वर्षे झाली होती.

पुण्याचे मैदान

भारताचा ऑलिम्पिकशी संघटित संबंधही एका स्थानिक क्लबच्या मैदानावरूनच सुरू झाला. पुण्यात १९०६ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष दोराबजी टाटा होते. १९१९ च्या वार्षिक क्रीडास्पर्धांत त्यांनी लांब पल्ल्याच्या शर्यती पाहिल्या. धावणारे बहुतेक शेतकरी होते, शास्त्रशुद्ध सराव त्यांना माहीत नव्हता, कडक जमिनीवर ते अनवाणी धावत होते. तरीही त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या जवळपास जात होत्या. इंग्लंडमधल्या क्लबांनी ज्या वर्गाला हौशी खेळाडू म्हणून नाकारले होते, त्याच वर्गातल्या माणसांना पुढे पाठवायचे टाटांनी ठरवले.

टाटांच्या पुढाकाराने आणि आर्थिक मदतीने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकसाठी छोटे पथक गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथ्या क्रमांकावर राहिले, पदक थोडक्यात हुकले. गावोगावच्या फडांवर आणि तालमींत घडलेली ही शरीरे होती. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.

काटेरी तारांच्या आत

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ चे ऑलिम्पिक रद्द झाले. अधिकृत सामने थांबले तेव्हा ते भरवले युद्धकैद्यांनी. न्यूरेम्बर्गजवळच्या लांगवासर छावणीत १९४० च्या उन्हाळ्याअखेरीस पोलिश, फ्रेंच, बेल्जियन, ब्रिटिश अशा अनेक देशांच्या कैद्यांनी पहारेकऱ्यांच्या नजरेआड छोटे ऑलिम्पिक केले. एका कैद्याच्या सदऱ्याच्या कापडावर रंगीत खडूने पाच वर्तुळे काढून ध्वज तयार झाला. गोळाफेकीला दगड वापरला गेला. बेडूकउड्यांची शर्यत लागली. जागेवर स्थिर असलेल्या सायकलवर सायकलची स्पर्धा झाली.

१९४४ मध्ये वोल्डेनबर्ग या आज पोलंडमध्ये असलेल्या ठिकाणच्या छावणीत सुमारे सात हजार पोलिश अधिकारी कैदेत होते. इथे जर्मन अधिकाऱ्यांच्या परवानगीने २३ जुलै ते १३ ऑगस्ट असे सामने झाले आणि ३६९ जणांनी भाग घेतला. तलवारबाजी, तिरंदाजी, भालाफेक आणि बांबूउडी यांना मनाई होती. शस्त्र होऊ शकेल किंवा तारेवरून पलीकडे नेईल असे कोणतेही साधन कैद्यांच्या हाती द्यायचे नव्हते. ध्वज बिछान्याच्या चादरीचा होता आणि त्यावरची वर्तुळे रंगीत गळपट्ट्यांच्या कापडातून कापून शिवलेली होती. अर्धपोटी राहणाऱ्या माणसांनी या ध्वजाला सलामी देऊन शर्यती लावल्या. सामने सुरू असतानाच १ ऑगस्टला वॉर्सामध्ये उठाव झाला आणि तिथे अनेकांची घरे-माणसे होती. हा ध्वज आता वॉर्साच्या क्रीडासंग्रहालयात आहे.

युद्ध संपल्यावर अशीच एक छोटी सुरुवात इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात झाली. नाझी जर्मनीतून आश्रयाला आलेले मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गटमन तिथे मणक्याला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करत. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर तिरंदाजीची स्पर्धा घेतली. चाकांच्या खुर्चीवर बसून सोळा जखमी स्त्री-पुरुषांनी बाण सोडले. चार वर्षांनी नेदरलँड्सचे खेळाडू येऊन मिळाले आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९६० मध्ये रोम येथे झालेल्या सामन्यांपासून पॅरालिम्पिकची गणना होते.

आजची स्थिती

कॉट्सवोल्डची टेकडी १९२८ मध्ये नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात आली आणि त्यामुळे ती इमारतींपासून वाचली. १९५१ मध्ये राष्ट्रीय महोत्सवाच्या निमित्ताने तिथे पुन्हा खेळ झाले. १९६५ मध्ये ‘रॉबर्ट डोव्हर्स गेम्स सोसायटी’ स्थापन झाली आणि पुढच्या वर्षापासून खेळ नेमाने होऊ लागले. वसंतातल्या सार्वजनिक सुटीनंतरच्या शुक्रवारी लोक जमतात, नडगीच्या कुस्त्या होतात आणि अंधार पडल्यावर मशाली घेऊन मिरवणूक चिपिंग कॅम्डनमध्ये उतरते. वेनलॉकचे सामनेही सुरू आहेत. ते दर जुलैमध्ये भरतात आणि धावणे-उड्यांपासून अनेक आधुनिक खेळांपर्यंत त्यांचा पसारा आहे. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिकच्या शुभचिन्हांना ‘वेनलॉक’ आणि ‘मँडेव्हिल’ ही नावे देण्यात आली. एक नाव खेड्यातल्या डॉक्टरच्या गावाचे होते, दुसरे जखमी सैनिकांच्या रुग्णालयाचे.

ऑलिम्पिकच्या इतिहासात पदके आणि विक्रम यांची नोंद काटेकोर ठेवली जाते. या छोट्या सामन्यांची नोंद तशी नाही, पण त्यांनी तीन गोष्टी सिद्ध केल्या. खेळाला मोठे मैदान लागत नाही, माळ पुरतो. खेळाडू ठरवण्याचा अधिकार एखाद्या वर्गाच्या हाती गेला की सामने संकुचित होतात आणि तो सर्वांच्या हाती आला की ते वाढतात. आणि आंतरराष्ट्रीय संस्था थांबल्या तरी खेळ थांबत नाही, कारण तो चार ओळखीच्या माणसांना एकत्र येऊन सुरू करता येतो. १८९६ हे आधुनिक ऑलिम्पिकचे पहिले वर्ष मानायला हरकत नाही. पण त्या अथेन्सला जाणारी वाट वेनलॉकच्या वाचनालयातून निघाली होती, हे प्रत्येक क्रीडा-इतिहासाने पहिल्या पानावर लिहिले पाहिजे.